डोंगर हिरवा करायचा, तर आधी शेळीवालीला विचारा



नगरहून करंजीचा घाट उतरून पाथर्डीकडे येताना तिसगावच्या अलीकडे देवराई नावाचे गाव लागते. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान. तिथे कुऱ्हाड चालवायची नाही, हा वाडवडिलांचा नियम. आज या वाटेवरचे बरेच डोंगर उघडे दिसतात. पाऊस पडला की माती ओढ्यात जाते आणि फाल्गुनात विहिरी तळ गाठतात.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यात, रतनवाडी-हरिश्चंद्रगडाच्या बाजूला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे हिरडा, जांभूळ, अंजनी अशा झाडांचे दाट रान आहे. १९८६ साली तिथे अभयारण्य झाले. आपल्याकडे पाऊस जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर. तिथले झाड इथे लावून चालणार नाही. पण मोडलेले रान पुन्हा उभे करण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे.

ती रीत थायलंडमधल्या एका डोंगरी गावाकडून शिकण्यासारखी आहे. बान मे सा माई हे त्याचे नाव. शेतीसाठी तोडलेल्या डोंगरावर तिथल्या लोकांनी च्यांग माई विद्यापीठाच्या मदतीने रान वाढवले. जंगलात शेकडो जातींची झाडे असतात, ती सगळी कोण लावणार? म्हणून त्यांनी तिथल्याच मातीतल्या वीस-तीस जाती निवडल्या. त्यात लवकर सावली धरणारी आणि पाखरांना फळे देणारी झाडे घेतली. पहिले दोन पावसाळे खुरपणी केली. सावलीने तण मेले, फळांसाठी पाखरे आली आणि उरलेल्या जातींचे बी पाखरांनीच आणून टाकले. माणसाने सुरुवात करून द्यायची आणि पुढची पेरणी पाखरांवर सोपवायची, असा हा मार्ग आहे.

आता माझी चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला एका गावाच्या उजाड टेकडीवर आम्ही रोपे लावली. एकाच जातीची, लवकर वाढणारी, परदेशी. काटेरी कुंपण केले, फलक लावला, फोटोही काढला. दिवाळीनंतर निम्मे गाव ऊसतोडीला गेले. पाणी घालायला कोणी उरले नाही. माघात कुंपण मोडले आणि शेळ्या आत शिरल्या. मी रागावून शेळीवाल्या आजींना जाब विचारला. त्या म्हणाल्या, "साहेब, टेकडी घेताना मला विचारलं होतं का? माझ्या शेळ्यांनी कुठं जावं?" मला उत्तर देता आले नाही. ते उत्तर शोधायला मला पुढे बरीच वर्षे लागली.

उत्तर नगर तालुक्यात हिवरे बाजारला मिळाले. १९८९-९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे गावाने श्रमदान, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी स्वीकारली. डोंगरउतारावर समतल चर खोदले. पण नुसती बंदी घातली नाही. गवत कापून घरी न्यायला मोकळीक ठेवली, जनावरे गोठ्यात बांधली आणि दुधाचा धंदा वाढवला. डोंगर बंद झाला, तरी चारा बंद झाला नाही. सरकारने २०२० साली पोपटरावांना पद्मश्री दिली. चराईबंदीचा बोजा एकट्या भूमिहीनावर पडला, तर ती टिकत नाही.

तेव्हा आपल्या भागात काम कसे करावे?

पहिले, ग्रामसभेत शेळीवाल्यांना पुढे बसवा. सगळा डोंगर एकदम बंद करू नका. तीन भाग पाडा, एक राखा, दोन मोकळे ठेवा. राखलेल्या भागातले गवत कापून नेण्याचा पहिला हक्क भूमिहीनांना द्या.

दुसरे, उन्हाळ्यात समतल चर खोदून घ्या. खोडावर नव्या फुटव्यांची आशा असेल तर ते उपटू नका. जुन्या मुळाचा फुटवा नव्या रोपापेक्षा जोमाने वाढतो.

तिसरे, झाडे इथलीच घ्या. हिवर, बाभूळ, खैर, बोर, पळस, धावडा, आपटा, कडुनिंब घ्या, आणि ओघळीच्या ओलीला करंज, उंबर, जांभूळ लावा. वड, पिंपळ आणि उंबराच्या फळांवर पाखरे येतात, म्हणून त्यांची थोडी तरी झाडे हवीतच.

चौथे, रोपांपेक्षा बियांवर भर द्या. रानातच उगवलेल्या झाडाचे मूळ खोल जाते, त्याला हंडाभर पाण्याची वाट पाहावी लागत नाही. कडुनिंबाचे बी गोळा केल्यावर दोन-तीन आठवड्यांत पेरा, पुढे त्याची उगवण घटते. बाभळीच्या बियांचे कवच कठीण असते. त्या कढत पाण्यात टाकून रात्रभर भिजवा. याहून सोपे म्हणजे शेळ्यांच्या वाड्यातून बी गोळा करा. शेळी शेंगा खाते आणि रवंथ करताना बिया टाकते. असे बी चांगले उगवते. म्हणजे जिला आपण रानाची वैरीण म्हणतो, तीच बियाणे तयार करून देते. हे बी आजींकडून पैसे मोजून विकत घ्या.

पाचवे, सपाट माळावर झाडांची गर्दी करू नका. तिथे पवन्या, मारवेल असे गवत राखा. माळाचे गवत हेही आपले रानच आहे. काळवीट आणि चिंकारा त्यावर जगतात.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना माझी एक विनंती आहे. जाण्यापूर्वी राखणीची पाळी ठरवून जा. घरी राहणारी म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे हेच त्या सहा महिन्यांचे राखणदार. त्यांना ग्रामसभेत मान द्या, आणि गावाला जमेल तशी मजुरीही द्या.

हे काम एका पावसाळ्यात होत नाही. पहिल्या वर्षी गवत वाढते, तिसऱ्या-चौथ्या वर्षी झुडपे दिसू लागतात, आणि विहिरीला फरक पडायला त्याहून वेळ लागतो. पण गवताचा भारा पहिल्याच वर्षी घरी येतो. त्या भाऱ्यावरच गावाचा विश्वास बसतो. येत्या मृगाआधी एक टेकडी निवडा, आणि पहिली बैठक शेळीवालीच्या ओट्यावर घ्या.