खुनी बोलतो तेव्हा काय ऐकायचं?

१९८० साली स्टीफन मिशॉ हा तरुण अमेरिकी पत्रकार फ्लोरिडा राज्य कारागृहात टेड बंडीसमोर रेकॉर्डर घेऊन बसायचा आणि बहुतेक वेळा रिकाम्या हातानं परतायचा. बंडीला दोन खटल्यांत मृत्युदंड झाला होता. पहिला फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीच्या वसतिगृहात झोपलेल्या दोन विद्यार्थिनींच्या खुनाबद्दल आणि दुसरा लेक सिटी गावातल्या १२ वर्षांच्या मुलीच्या खुनाबद्दल. तरीही आपण निर्दोष आहोत, असंच तो सांगत होता. माझ्यावरच्या आरोपांचा नव्यानं तपास करा, त्या बदल्यात मी मुलाखती देतो, असा त्याचा प्रस्ताव होता. मिशॉचा ज्येष्ठ सहकारी ह्यू एन्सवर्थ त्यासाठी वेगवेगळ्या राज्यांत फिरून जुनी कागदपत्रं तपासत होता. इकडे बंडी बालपण, कॉलेज, राजकारण यांवर भरभरून बोलायचा. खुनांचा विषय निघाला की मात्र ताकास तूर लागू द्यायचा नाही.

मग मिशॉला एक युक्ती सुचली. बंडीनं १९७२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातून मानसशास्त्राची पदवी घेतली होती आणि त्याचा त्याला अभिमान होता. हे खून करणारा माणूस कसा असेल, त्याच्या मनात काय चालत असेल, हे तू जाणकार म्हणून सांग, असं मिशॉनं त्याला सुचवलं. बंडीनं रेकॉर्डर स्वतःकडे ओढून घेतला, कवटाळून धरला आणि बोलायला लागला. त्या घटकेपासून टेपवर ‘मी’ नाही, ‘तो’ बोलतो. ‘तो’ सावज कसं हेरतो, त्याची भीड कशी चेपत जाते, पकडलं न जाण्याची खात्री कशी वाढत जाते.

अशा शंभराहून जास्त तासांच्या मुलाखतींमधून पुस्तकं निघाली. २०१९ च्या जानेवारीत, बंडीच्या मृत्युदंडाला तीस वर्षं होत असताना, त्याच टेपवर आधारलेली मालिका नेटफ्लिक्सवर आली आणि आपल्याकडेही घरोघरी पाहिली गेली. खुन्याच्या तोंडून त्याचीच जीवनकथा ऐकण्याचा हा प्रकार आता मालिका आणि पॉडकास्टचा हुकमी विषय झाला आहे. म्हणूनच हा आवाज आपल्याला नेमकं काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे नीट समजून घ्यायला हवं. माझं म्हणणं थोडक्यात असं: टेपवर खुन्याचा आवाज असतो. सत्य हाती येतं ते त्या आवाजाचा बाहेरच्या पुराव्याशी पडताळा घेतल्यावरच.

नामानिराळं राहण्याची सोय

मिशॉची युक्ती हुशारीची होती, यात वाद नाही. तिच्यामुळे एरवी न मिळणारा मजकूर मिळाला. पण तिची किंमतही होती. ‘तो’ म्हणून बोलल्यामुळे बंडीला सगळं सांगूनही नामानिराळा राहता आलं. कायद्याच्या दृष्टीनं ती कबुली नव्हती. त्याला जबाबदारीही घ्यावी लागत नव्हती. शिवाय आरोपीच्या पिंजऱ्यातून उठून तो अलगद तज्ज्ञाच्या खुर्चीत जाऊन बसला होता.

ती खुर्ची त्याला फार प्रिय होती. १९७९ मध्ये मायामीतल्या खटल्यात, टीव्ही कॅमेऱ्यांसमोर, त्यानं स्वतःच्या बचावाची सूत्रं बरीचशी स्वतःकडे घेतली होती. मृत्युदंड सुनावताना न्यायाधीश एडवर्ड काउअर्ट यांनीही त्याला तू हुशार तरुण आहेस, चांगला वकील झाला असतास, अशा अर्थाचे शब्द ऐकवले. ‘बुद्धिमान, देखणा, पोलिसांना चकवणारा’ ही बंडीची प्रतिमा अशा प्रसंगांतून घडली आणि टेपनं ती पक्की केली.

नोंदी वेगळं सांगतात. कायद्याच्या अभ्यासात त्यानं कधी चमक दाखवली नाही. तो तीनदा पकडला गेला आणि तिन्ही वेळा गस्तीवरच्या पोलिसांना त्याची गाडी संशयास्पद वाटली म्हणून. १९७५ च्या ऑगस्टमध्ये युटामध्ये, १९७७ च्या जूनमध्ये कोलोरॅडोत न्यायालयाच्या खिडकीतून उडी मारून पळाल्यानंतर सहा दिवसांनी, आणि १९७८ च्या फेब्रुवारीत फ्लोरिडातल्या पेन्सकोलामध्ये. शेवटच्या दोन्ही वेळा तो चोरीच्या गाडीत होता.

जसा ऐकणारा, तशी गोष्ट

बंडीची मुलाखत घेणारे मिशॉ आणि एन्सवर्थ हे दोघेच नव्हते. त्याच्या वेगवेगळ्या मुलाखती शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लख्ख दिसते. समोरच्याला काय हवं आहे, हे तो अचूक ओळखायचा आणि तेच त्याच्या पदरात टाकायचा.

१९८४ मध्ये त्यानं वॉशिंग्टन राज्यातले तपास अधिकारी रॉबर्ट केपल यांना पत्र लिहिलं. तेव्हा सिएटल परिसरात ‘ग्रीन रिव्हर किलर’चा धुमाकूळ चालू होता. त्याला पकडायला मी मदत करतो, असं बंडीचं म्हणणं. केपल फ्लोरिडाला गेले. त्यांनी १९७४ च्या सिएटलमधल्या खुनांचा, म्हणजे बंडीच्याच खुनांचा, वर्षानुवर्षं तपास केला होता. दुसऱ्या खुन्याबद्दल बोलता बोलता हा स्वतःबद्दलच बोलणार, हे ते जाणून होते. मृतदेह टाकलेल्या जागी खुनी परत येतो, ताजी जागा सापडली तर तिच्यावर गुपचूप पाळत ठेवा, असा सल्ला बंडीनं दिला. पुढे २००१ मध्ये गॅरी रिजवे पकडला गेला आणि आपण त्या जागांवर परत जात होतो, असं त्यानं कबूल केलं. म्हणजे सल्ला बरोबर होता. पण रिजवे सापडला तो त्या सल्ल्यामुळे नाही. १९८७ मध्ये घेऊन ठेवलेला त्याच्या लाळेचा नमुना डीएनए तपासणीत जुळला, म्हणून तो सापडला.

बालपणाचंही तसंच. पत्रकारांना बंडी सांगायचा की आपलं घर चारचौघांसारखं, प्रेमळ होतं. मानसोपचारतज्ज्ञ डोरोथी लुईस यांनी १९८० च्या दशकात त्याला तपासलं, नातेवाइकांशीही त्या बोलल्या, तेव्हा वेगळं चित्र पुढे आलं. ज्या आजोबांच्या घरी त्याची पहिली वर्षं गेली, ते तापट आणि हिंसक होते, असं घरच्यांनी सांगितलं. त्याच्या मावशीनं एक आठवण सांगितली. ती झोपेतून जागी झाली तर अंथरुणात तिच्याभोवती स्वयंपाकघरातल्या सुऱ्या मांडलेल्या होत्या आणि तीन वर्षांचा टेड शेजारी उभा राहून हसत होता. बंडीच्या आत्मकथनात या सुऱ्यांना जागा नाही.

मृत्युदंडाच्या आदल्या दिवशी, २३ जानेवारी १९८९ ला, त्यानं मुलाखतीसाठी निवडले जेम्स डॉबसन. हे धार्मिक रेडिओवरचे प्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ अश्लील साहित्याविरुद्ध मोहीम चालवणारे होते. बंडीनं त्यांना सांगितलं, आपल्याला अश्लील साहित्यानं बिघडवलं. पत्रकारांना मनोविश्लेषण, पोलिसांना तज्ज्ञाचा सल्ला आणि डॉबसन यांना त्यांच्या मोहिमेचा पुरावा: प्रत्येकाला ज्याचं त्याचं मिळालं.

पुराव्याशी जुळलेलं एक वाक्य

मग या टेप निरुपयोगी ठरतात का? मुळीच नाही. एक उदाहरण पाहू.

८ नोव्हेंबर १९७४. युटामधल्या मरे गावच्या मॉलमध्ये बंडीनं आपण पोलीस असल्याचं सांगून एका १८ वर्षांच्या मुलीला गाडीत बसवलं. तिच्या हातात बेड्या अडकवायला तो गेला, पण झटापटीत दोन्ही कड्या एकाच मनगटात अडकल्या. मुलगी दार उघडून पळाली, मनगटात बेड्या तशाच घेऊन. त्याच संध्याकाळी जवळच्याच बाउंटिफुल गावातल्या शाळेच्या कार्यक्रमातून १७ वर्षांची एक विद्यार्थिनी बाहेर पडली आणि नाहीशी झाली. शाळेच्या पार्किंगमध्ये पोलिसांना एक छोटी किल्ली सापडली. पहिल्या मुलीच्या मनगटातून काढलेल्या बेड्यांना ती बरोबर बसली.

किल्लीनं दोन घटना जोडल्या, पण दुसरी मुलगी सापडली नव्हती. १९८९ च्या जानेवारीत, मृत्युदंड काही दिवसांवर आला असताना, बंडीनं युटाच्या पोलिसांना तिला पुरल्याची जागा सांगितली. तिथल्या शोधात गुडघ्याची एक वाटी मिळाली. २०१५ मध्ये डीएनए चाचणीनं ती त्याच मुलीची असल्याचं सिद्ध झालं. घरच्यांना चाळीस वर्षांनी ठाम उत्तर मिळालं. बंडीच्या शंभर तासांच्या मनोविश्लेषणापेक्षा हे एक वाक्य मोलाचं ठरलं, कारण ते जमिनीत खणून तपासता आलं.

याच काळात त्यानं केपल यांच्यासमोरही तोंड उघडलं. १९७४ मध्ये सिएटलजवळ इसाक्वाच्या डोंगरउतारावर, दोन तरुणींच्या अवशेषांबरोबर काही जास्तीची हाडं मिळाली होती. ती कोणाची, हे त्याच्या कबुलीनं कळलं. एकूण ३० खून त्यानं मान्य केले. पण त्यातही सौदा होता. आणखी जागा सांगतो, मुदत वाढवून द्या, असा त्याचा डाव होता. मृत मुलींच्या घरच्यांनी गव्हर्नरकडे शब्द टाकावा म्हणूनही प्रयत्न झाले. कुटुंबांनी नकार दिला, गव्हर्नर बॉब मार्टिनेझही बधले नाहीत. २४ जानेवारी १९८९ ला सकाळी विजेच्या खुर्चीत त्याला मृत्युदंड देण्यात आला.

कबुल्यांचा पूर

खुनी गप्प बसला तर अडचण, पण तो बोलतच सुटला तर? ते टेक्सासमध्ये घडलं. १९८३ मध्ये पकडलेल्या हेन्री ली लुकसनं एकामागून एक शेकडो खुनांची कबुली दिली. राज्याराज्यांतून पोलीस येत, त्याच्याशी बोलत, आणि वर्षानुवर्षं पडून राहिलेलं प्रकरण मिटवून परत जात. अशी दोनशेच्या आसपास प्रकरणं बंद झाली. लुकसला तुरुंगात खास वागणूक मिळत होती, त्याचे आवडते स्ट्रॉबेरी मिल्कशेकही. चौकशीच्या चित्रफितींमध्ये दिसतं की तपशील अधिकाऱ्यांच्या प्रश्नांतूनच, समोर ठेवलेल्या फोटोंतूनच त्याला मिळत होते.

हे उघडकीला आणणारा पत्रकार ह्यू एन्सवर्थच होता, बंडीची प्रकरणं तपासत फिरलेला. लुकस कोणत्या तारखेला कुठे होता, याचा माग त्यानं नोंदींमधून लावला. खून एका राज्यात, तर त्या वेळी लुकस शेकडो मैल दूर दुसऱ्याच राज्यात. १९८५ मध्ये ‘डॅलस टाइम्स हेरल्ड’नं हे छापलं. १९९८ मध्ये गव्हर्नर जॉर्ज बुश यांनी लुकसचा मृत्युदंड रद्द करून जन्मठेप दिली, कारण ज्या खुनासाठी ती शिक्षा होती, त्या वेळी तो फ्लोरिडात कामावर असल्याच्या नोंदी होत्या. त्या कबुल्यांमुळे खरं नुकसान पुढे झालं. फाइल बंद झाली की तपास थांबतो आणि खरा खुनी मोकळा राहतो.

याउलट, एफबीआयच्या रॉबर्ट रेसलर आणि जॉन डग्लस यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तुरुंगात जाऊन खुन्यांच्या मुलाखती घेतल्या. परिचर्या क्षेत्रातल्या प्राध्यापक अ‍ॅन बर्जेस यांनी त्यांना संशोधनाची शिस्त दिली. ३६ कैद्यांच्या या अभ्यासातून १९८८ मध्ये ग्रंथ निघाला. तिथला पहिला धडा हाच होता की कैद्यासमोर बसण्यापूर्वी त्याची संपूर्ण फाइल पाठ हवी. खोटं कुठे सुरू झालं, हे तेव्हाच कळतं.

खरे साक्षीदार

मिशॉ आणि एन्सवर्थ यांच्या १९८३ च्या पुस्तकाचं नाव ‘द ओन्ली लिव्हिंग विटनेस’, म्हणजे एकमेव जिवंत साक्षीदार. काय घडलं हे फक्त बंडीच सांगू शकतो, असा त्याचा रोख. पण न्यायालयात साक्ष दिली ती इतरांनी. मनगटात बेड्या घेऊन पळालेल्या त्या मुलीनं ओळख परेडमध्ये त्याला ओळखलं, आणि १९७६ मध्ये त्याला पहिली शिक्षा झाली. फ्लोरिडातल्या वसतिगृहात रात्री उशिरा परतलेल्या एका विद्यार्थिनीनं दारातून बाहेर पडणारा माणूस पाहिला होता, त्याच्या हातात दांडकं होतं. तिनं न्यायालयात त्याच्याकडे बोट दाखवलं. सिएटलमधल्या त्याच्या मैत्रिणीला १९७४ मध्येच संशय आला होता. तिथल्या खुनांमधल्या संशयिताचं वर्णन, ‘टेड’ हे नाव, फोक्सवॅगन बीटल गाडी, सगळं जुळत होतं. तिनं पोलिसांना कळवलं, तेही एकदाच नाही. आणखी तिघांनीही त्याचं नाव दिलं होतं. पण कायद्याचा विद्यार्थी, गुन्ह्याची एकही नोंद नाही, हजारो फोनची रीघ लागलेली. नाव यादीत पडून राहिलं.

शिवाय वॉशिंग्टन, युटा, कोलोरॅडो ही तिन्ही राज्यं सुरुवातीला आपापला तपास करत होती आणि सगळे धागे एकत्र पाहण्याची व्यवस्थाच नव्हती. ती १९८५ मध्ये एफबीआयच्या ‘वायकॅप’ या नोंदप्रणालीनं सुरू झाली. टेपनं बंडीच्या मनाबद्दल कुतूहल वाढवलं, पण लोकांचे जीव वाचवण्याच्या दृष्टीनं मोठा धडा या कागदी त्रुटींमध्ये होता.

तेव्हा यापुढे एखाद्या खुन्याचा आवाज कानावर पडला तर तीन प्रश्न जवळ ठेवावेत. तो कोणासमोर बोलतोय? या बोलण्यातून त्याला काय मिळणार आहे? आणि त्याचं कुठलं वाक्य त्याच्या तोंडाबाहेर, एखाद्या नोंदीत, किल्लीत किंवा हाडात तपासता येतं? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर ते बोलणं कितीही रंगतदार असो, त्याला माहिती म्हणू नये. खुन्याचं ऐकायला शंभर तास दिले जातात. बेड्या घेऊन पळालेली मुलगी, दारातली विद्यार्थिनी आणि पुन्हा पुन्हा पोलिसांकडे जाणारी मैत्रीण यांनी मोजकंच सांगितलं आणि ते तपासात खरं निघालं. पोलिसांनी, पत्रकारांनी आणि आपण प्रेक्षकांनीही पहिला मान अशा साक्षीला द्यायला हवा.