आधी पोचा वाचा, मग हातोडी उचला

गाडी फाटकाच्या खांबाला घासते, मडगार्ड हातभर चेपतं आणि एवढा सगळा पत्रा कामातून गेला असं आपण समजतो. प्रत्यक्षात कायमचा वाकलेला असतो तो त्या हातभरातला थोडासाच भाग: जिथे थेट मार बसला ती जागा आणि पोच्याच्या कडेने उठलेला कंगोरा. मधला पत्रा नुसता आत ओढला गेलेला असतो. कंगोरा सुटला की तो बराचसा आपण होऊन बाहेर येतो. घरी पत्राकाम करू पाहणाऱ्याने ही गोष्ट आधी मनात पक्की करावी. कितीतरी पोचे धडकेपेक्षा नंतरच्या ठोकाठोकीनेच जास्त बिघडतात.

बाहेरचा पत्रा असतो जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा. तो मर्यादेत वाकला तर सोडताच पूर्ववत होतो. मर्यादा ओलांडली की पोलादाच्या स्फटिकांतले अणूंचे थर सरकतात आणि सरकलेले तिथेच राहतात. हे सरकणं एकदम होत नाही. स्फटिकरचनेत मुळातच असलेल्या रेषेसारख्या त्रुटी पुढे पुढे जातात आणि त्यांच्यामागून थर सरकत जातात. जी. आय. टेलर, इगॉन ओरोवान आणि मायकेल पोलान्यी या तिघांनी 1934 साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हे स्पष्टीकरण मांडलं. पत्रा जसजसा वाकतो तसतशा या त्रुटी वाढतात, एकमेकींत अडकतात आणि धातू कडक होतो.

टेबलावरची एक यू-क्लिप घ्या. तिची तार एका जागी काटकोनात वाकवा आणि बोटांनी सरळ करून पाहा. मूळ बाक पूर्ण जात नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना नवे हलके बाक येतात. वाकलेली जागा आता कडक झाली आहे, म्हणून शेजारची मऊ तार आधी वाकते. मडगार्डच्या कंगोऱ्यात नेमकं हेच झालेलं असतं. पोच्याच्या सर्वांत खोल जागी आतून जोराने हातोडी मारली, तर कंगोरा तसाच राहतो आणि शेजारच्या चांगल्या पत्र्यावर टेंगळं उठतात.

म्हणून क्रम उलटा धरायचा. धडकेत जे शेवटी वाकलं ते आधी सोडवायचं. कडेचा, सर्वांत बाहेरचा कंगोरा सहसा शेवटी उठलेला असतो, तिथून सुरुवात करून आत यायचं. एका हातात डॉली, म्हणजे मुठीत मावणारा गुळगुळीत लोखंडी ठोकळा. तो आतून खोलगट भागावर दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताने बाहेरून शेजारच्या कंगोऱ्यावर हलके, जलद घाव घालायचे. हातोडी आणि डॉली समोरासमोर येऊ द्यायच्या नाहीत. कंगोरा ढिला पडला की डॉलीवरचा पत्रा बाहेर उसळतो. तो क्षण हाताला कळतो आणि त्यात फार समाधान आहे.

हातोडी थेट डॉलीवर पडू लागली, तर मधला पत्रा चिमटीत सापडून पातळ होतो आणि पसरतो. बारीक उंचसखलपणा काढायला हे थोडं लागतंच. अति झालं की पत्रा तेलाच्या रिकाम्या डब्याच्या तळासारखा टुक-टुक आतबाहेर व्हायला लागतो. त्यावर उपाय उष्णतेचा. रुपयाच्या नाण्याएवढा ठिपका मंद लाल होईपर्यंत, सुमारे 700 अंश सेल्सियसपर्यंत, तापवतात. तो पसरू पाहतो, पण भोवतीचा थंड पत्रा जागा देत नाही, म्हणून तापून मऊ झालेला धातू जाडीत फुगतो. निवताना तो आकसतो आणि आजूबाजूचा सैल पत्रा ओढून घेतो. हे करण्यापूर्वी आतलं अस्तर आणि वायरी काढा, बॅटरी सोडा आणि अग्निशामक हाताशी ठेवा. पेट्रोलच्या टाकीजवळ हा प्रयोग करूच नका.

पत्रा सरळ झाला का, हे डोळा नीट सांगत नाही. पातळ सुती हातमोजा घालून तळहात लांबच्या लांब, सावकाश फिरवा. स्पर्श किती सूक्ष्म असतो, हे स्टॉकहोमच्या संशोधकांनी 2013 साली दाखवलं: अवघ्या 13 नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्याही बोटांना कळल्या होत्या.

उरलेल्या बारीक खळग्यांसाठी लांबी, म्हणजे पुटी. ती पॉलिस्टर रेझिन आणि शंखजिऱ्याच्या पुडीची असते. हार्डनरमधलं पेरॉक्साइड साखळीक्रिया सुरू करतं आणि लांबी उष्णता सोडत घट्ट होते. हार्डनर साधारण 2 टक्के पुरे. जास्त घातलं तर पुढे रंगावर डाग उमटतो. लांबीचा थर 3 मिलिमीटरच्या आत ठेवा. पोचा ठोकून न काढता बोटभर लांबी थापणं ही दुरुस्ती नव्हे. ती पुढे तडकते. शिवाय लांबी पाणी शोषते, म्हणून ती कोरडीच घासा. उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर द्या आणि तापवलेल्या जागेची आतली बाजूही सोडू नका. मुंबई-कोकणात तर हे काम दिवाळीनंतरच काढावं. पावसाळी हवेत उघड्या पोलादावर एका रात्रीत गंज चढतो.

आता जिथे हात लावायचाच नाही ते. अभियंता बेला बारेनी यांच्या 1952 च्या पेटंटपासून, धडकेत ठराविक भाग चेपून प्रवाशांची चौकट शाबूत राहावी असा विचार गाडीच्या रचनेत आला. आजच्या कित्येक गाड्यांत दोन दरवाजांमधले खांब बोरॉनयुक्त पोलादाचे असतात. ते 900 अंशांच्या वर तापवून साच्यातच झटकन थंड केलेले असतात आणि त्यांची ताकद 1500 मेगापास्कलच्या आसपास जाते. घरच्या गॅसने ते तापवले तर ती ताकद जाते, आणि वरून काहीही दिसत नाही. दरवाजाच्या फटी असमान झाल्या असतील, बोनेट एका बाजूला बसत नसेल, तर मार चौकटीपर्यंत पोचलेला असू शकतो. अशी गाडी चौकट मोजून सरळ करण्याची सोय असलेल्या गॅरेजलाच न्या. बोनेटला चुंबक चिकटत नसेल तर ते बहुधा अ‍ॅल्युमिनियमचं आहे. अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं आणि त्याआधी लालही होत नाही, म्हणून तेही सोडा. शेवटचा रंगही रंगाच्या बूथमध्येच मारून घ्यावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. हार्डनरवाल्या रंगातल्या आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो आणि साधा धुळीचा मास्क त्याला अडवत नाही.

मडगार्ड आणि दरवाजाचा बाहेरचा पत्रा मात्र जरूर स्वतः करून पाहा. फक्त पहिला घाव आपल्या गाडीवर घालू नका. कुर्ल्याच्या किंवा तुमच्या गावच्या भंगार बाजारातून एक चेपलेलं मडगार्ड आणा आणि त्यातला पहिला कंगोरा सोडवा.