मळ्यातील वीज

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, विशेषतः सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, काही कुटुंबे गावापासून दूर, शेतातच राहतात. तिथून विजेचा खांब लांब असतो. अंधारात दाराशी साप आला तरी दिसत नाही. मुलांचा अभ्यास दिवस मावळला की थांबतो. अशा घराला स्वतःपुरती वीज उन्हापासून मिळवता येते. उर्दूत आपण जिला 'शम्सी तवानाई' म्हणतो, तीच मराठीत सौर ऊर्जा.

उन्हापासून सरळ वीज देणारा सिलिकॉनचा उपयोगी घट 1954 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाला. असे अनेक घट काचेखाली एकापुढे एक जोडले की पॅनेल होते. पॅनेल दिवसा वीज देते, बॅटरी ती रात्रीसाठी साठवते. दोघांच्या मध्ये चार्ज कंट्रोलर नावाची छोटी पेटी असते. बॅटरी जास्त भरू नये आणि पार रिकामीही होऊ नये, हे ती पाहते.

मुलांनो, दुकानात जाण्यापूर्वी हिशेब करावा. नाहीतर दुकानदार देईल ते घेऊन यावे लागते. समजा, घरात 9 वॅटचे दोन दिवे रोज 4 तास लागतात. त्यांना 72 वॅट-तास वीज हवी. 28 वॅटचा पंखा 8 तास चालला, तर 224 वॅट-तास. मोबाइलसाठी 30 धरा. एकूण झाले 326. तारांत आणि बॅटरीत काही वीज वाया जाते, म्हणून सुमारे 435 वॅट-तास तयार झाली पाहिजे. आपल्याकडे चांगल्या दिवशी साधारण 5 तास भरपूर ऊन मिळते असे धरले, तर 87 वॅटचे पॅनेल पुरेल. पण पावसाळ्यात आभाळ भरलेले असते. म्हणून 150 वॅटचे घ्यावे. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांच्या बॅटरीत 1200 वॅट-तास मावतात. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी केली, तर तिचे आयुष्य घटते. तेव्हा वापरायला 600 मिळतात, म्हणजे पावणेदोन दिवसांची सोय.

पॅनेलचे तोंड दक्षिणेला असावे आणि उतार सुमारे 20 अंशांचा असावा, कारण बुलढाणा साधारण साडेवीस उत्तर अक्षांशावर आहे. मे अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला सरकतो, पण तेवढ्यासाठी पॅनेल फिरवायची गरज नाही. सावलीकडे मात्र लक्ष हवे. घट एकापुढे एक जोडलेले असल्यामुळे कडुनिंबाच्या एका फांदीची सावलीही पुष्कळ वीज अडवते. पाटात एके ठिकाणी दगड पडला की पुढचे पाणी कमी होते, तसेच हे.

ऊन जितके कडक तितकी वीज जास्त, असे अनेकांना वाटते. ते पूर्ण खरे नाही. वीज प्रकाशापासून बनते. उष्णतेने उलट घटते. 25 अंशांपुढे दर अंशाला साधारण 0.4 टक्के घट होते. मे महिन्यात पॅनेल 65 अंशांवर गेले, तर सुमारे 16 टक्के वीज गेलीच! म्हणून पत्र्यावर पॅनेल चिकटवू नये. खालून वारा खेळेल एवढी जागा ठेवावी. धूळ सकाळी, काच थंड असताना पुसावी.

पाण्याच्या सौर पंपाला बहुधा बॅटरी लागतच नाही. ऊन असेल तेव्हा पाणी उपसायचे आणि हौदात साठवायचे. हौद हीच तिथली बॅटरी. 2024 साली महाराष्ट्र शासनाने 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना सुरू केली. तीत शेतकऱ्याला किमतीच्या 10 टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना 5 टक्के रक्कम भरावी लागते.

घरच्या बॅटरीजवळ विडी, चूल किंवा ठिणगी नको, कारण भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. खोली हवेशीर असावी. बॅटरीच्या तारेवर फ्यूज बसवावा. जोडताना कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनेल जोडावे. काढताना आधी पॅनेल काढावे.