प्लास्टर घातलं, तरी नजर बोटांवर हवी

तंजावरचे सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द 1798 ते 1832) यांच्या धन्वंतरी महालात उपचारांबरोबर रुग्णांच्या नोंदीही होत. डोळ्यांच्या रुग्णांचे त्या काळचे कागद सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. रुग्ण पुन्हा पुन्हा तपासायचा आणि जे दिसेल ते लिहून ठेवायचं, ही शिस्त मोडल्या हाडाच्या शुश्रूषेत तर फारच लागते. तंजावर जिल्ह्यातल्या तिरुवैयारु, पापनाशम, ओरत्तनाडू भागात कुणी भाताच्या निसरड्या बांधावर घसरतो, कुणी माडावरून पडतो, कुणी दुचाकीवरून. दवाखान्यात प्लास्टर होतं. पुढचे काही आठवडे मात्र रुग्ण घरच्यांच्याच हाती असतो. आणि घरात समजुतींना तोटा नसतो.

गैरसमज : प्लास्टर जितकं घट्ट तितकं चांगलं, ठणका सोसायचा.

वस्तुस्थिती : पहिले दोन दिवस सूज वाढते, प्लास्टर मात्र ताणलं जात नाही. आत दाब वाढून रक्तपुरवठा तुटला, तर सुमारे सहा तासांत स्नायू आणि नसा कायमच्या निकामी होऊ लागतात. म्हणून परिचारिका पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडते. पांढरं पडलेलं नख दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. मग ती अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात स्पर्श करून विचारते, ‘कळतंय का?’ शेवटी बोटं हलवायला लावते आणि दुसऱ्या पायाशी ताडून पाहते. हे घरच्यांनाही जमतं. सूज उतरावी म्हणून पाय उशांवर छातीपेक्षा उंच ठेवावा. पण गोळीनेही न थांबणारी कळ, बोटं ताणताच उठणारी वेदना, बधिरपणा, गारठलेली किंवा निळसर बोटं, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नये. पाय छातीच्या पातळीवर आणून 108 ला फोन करावा.

गैरसमज : कडक झालं म्हणजे वाळलं.

वस्तुस्थिती : जिप्समचं प्लास्टर काही मिनिटांत घट्ट होतं, पण पुरतं वाळायला दोन-तीन दिवस लागतात. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसाळी, दमट हवेत आणखी वेळ जातो. तोवर ते तळहातांवर पेलावं. बोटांनी धरलं तर खळगे पडतात आणि आत कातडीला रुततात. वाळवायला पंखा पुरे. चूल किंवा गरम हवेचं यंत्र नको. फायबरग्लासचं कवच पाण्याला दाद देत नाही, पण आतला कापूस भिजला की कातडी कुजू लागते.

गैरसमज : खाज सुटली तर काडी घालावी, पावडर टाकावी.

वस्तुस्थिती : काडीने आत जखम होते आणि ती दिसत नाही. पावडरचे गोळे होऊन रुततात. वरून हलकं थोपटावं, पंख्याचा वारा द्यावा. दुर्गंधी, ओला डाग किंवा ताप आला तर प्लास्टर उघडून पाहावंच लागतं.

गैरसमज : पारंपरिक बांधणीत धोका नाही.

वस्तुस्थिती : आंध्रातल्या पुत्तूरची हाडबांधणी तमिळनाडूतही प्रसिद्ध आहे, आणि साधी मोडतोड तिथे जुळतेही. पण एक्स-रे न काढता बांबूच्या कामट्या करकचून आवळल्या, तर अवयव काळा पडून कापावा लागल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. बांधणी कुणाचीही असो, बोटांची तपासणी तीच.

गैरसमज : हाड जुळेपर्यंत अजिबात हलायचं नाही.

वस्तुस्थिती : पडून राहिलं की सांधे आखडतात, टाचेला आणि माकडहाडाला जखमा होतात, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. मोकळी बोटं आणि सांधे तासातासाला हलवावेत, मांडीचा स्नायू आवळून सोडावा. पायावर भार कधी द्यायचा, ते मात्र डॉक्टरच ठरवतील. जेवणात नाचणी, डाळी, मासे, अंडी असावीत. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. कुंभकोणमच्या पानाबरोबरची तंबाखू आणि विडी बंद ठेवावी, कारण निकोटिनमुळे हाड उशिरा जुळतं.

प्लास्टर निघाल्यावर पाय बारीक आणि ताठर दिसतो, तेव्हा व्यायाम सुरू करायचा. तमिळनाडूच्या ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम’ या 2021 मध्ये सुरू झालेल्या योजनेत फिजिओथेरपिस्ट घरी येतात. गरजू रुग्णाच्या घरच्यांनी त्यासाठी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी.