आपत्ती-सज्जता आणि परिचारिका

द्रोणागिरी हे नाव उच्चारताच संजीवनीसाठी धावलेला मारुती आठवतो. उरण तालुक्यातील त्याच नावाच्या डोंगराच्या परिसरात आज नवी वसाहत, बंदर, तेल व वायुप्रक्रियेचा प्रकल्प आणि आगरी-कोळ्यांची जुनी गावे शेजारी-शेजारी आहेत. ३ सप्टेंबर २०१९ रोजी येथील वायुप्रकल्पात लागलेल्या आगीत चौघांचा मृत्यू झाला. त्यांत अग्निशमनासाठी धावलेले केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे तीन जवान होते. संजीवनी ऐनवेळी शोधून भागत नाही, हाच या घटनेचा बोध होय.

धोकादायक रसायनांसंबंधीच्या १९८९ च्या नियमांनुसार कारखान्याबाहेरील आपत्कालीन आराखडा तयार केला जातो. २००५ च्या कायद्याने जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणे आली. परंतु आराखडा घरापर्यंत पोचतो तो प्रामुख्याने उपकेंद्रातील परिचारिकेमुळे. कोणत्या घरी गरोदर स्त्री आहे, कोण अंथरुणाला खिळले आहे, कोणाला दम्याचा विकार आहे, हे तिच्या नोंदवहीत असते. गाव रिकामे करण्याची वेळ आली, तर प्रथम कोणाला हलवावे, हे हीच नोंदवही सांगते.

प्रत्यक्ष आपत्तीत तिचे पहिले काम जखमींच्या वर्गवारीचे. तातडीच्या उपचाराने वाचू शकेल त्याला लाल, थोडा वेळ थांबू शकेल त्याला पिवळी आणि किरकोळ जखमीला हिरवी खूण केली जाते. जो मोठ्याने ओरडतो तोच अधिक गंभीर असतो असे नाही. निपचित पडलेल्याकडे आधी पाहावे लागते. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे वाहते थंड पाणी सोडावे. शाई वा टूथपेस्ट लावू नये. स्वयंपाकाचा वायू हवेपेक्षा जड असल्याने सखल जागी साचतो. म्हणून गळती झाल्यास वाऱ्याच्या आडव्या दिशेने उंचावर जावे, हे तिने ग्रामस्थांना आधीच शिकवावयास हवे.

आपत्ती ओसरल्यावर रोगराईचे संकट उभे राहते. पुरानंतर विहिरीत हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर टाकून तासभर पाणी वापरू न देणे, जुलाबाच्या रुग्णाला क्षारसंजीवनी देणे आणि तापाच्या रुग्णांवर लक्ष ठेवणे, ही कामे तीच करते.

यासाठी पंचायतीने वर्षातून दोनदा सराव घ्यावा, शाळेत निवाऱ्याची जागा ठरवावी आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक दर्शनी भागी लिहावा. परिचारिकेची नोंदवही अद्ययावत राहील आणि तिला या बैठकांत स्थान मिळेल, तरच गावाची संजीवनी गावातच राहील.