नळाच्या पाण्याला कायद्याचा आधार

पिण्याचे पाणी कसे असावे, हे भारतीय मानक ब्युरोच्या ‘आयएस १०५०० : २०१२’ या मानकात नेमके सांगितले आहे. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय जिवाणू आढळता कामा नये. नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालते. पण नळाने पाणी पुरवणाऱ्या संस्थांसाठी हे मानक ऐच्छिक आहे. महाराष्ट्रात गावोगावचे जलसुरक्षक पाण्याचे नमुने देतात, आरोग्य विभाग जोखमीनुसार ग्रामपंचायतींना लाल, पिवळे वा हिरवे कार्ड देतो. ही व्यवस्था उपयुक्त आहे; मात्र मानक पाळलेच पाहिजे, असे बंधन त्यातून येत नाही. ते कायद्याने घालायला हवे.

लहान ग्रामपंचायतींना सक्ती झेपणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय सूट हा नव्हे. टप्प्याटप्प्याने मुदत आणि तपासणीसाठी निधी द्यावा. कायद्याने सारे सुधारत नाही, हेही खरे. अमेरिकेत १९७४ पासून असा कायदा असूनही २०१४ मध्ये फ्लिंट शहरात नदीचे पाणी गंजरोधक प्रक्रियेविना सोडले गेले आणि जुन्या नळांतले शिसे पाण्यात उतरले. पण तिथे मर्यादा ठरलेली होती, म्हणूनच स्वतंत्र तपासणीचे आकडे पुढे ठेवून नागरिकांना जाब विचारता आला. म्हणून बंधनकारक मानकाइतकेच तपासणीचे निकाल जाहीर करणेही सक्तीचे हवे.