‘स्टडी सांगतो’? थांबा, आधी स्टार मोजा!

विरारचा जीवदानीचा डोंगर नेमाने चढणारी मंडळी कशी टकाटक दिसतात, नाही? हजाराहून जास्त पायऱ्या म्हणजे जीवदानच! पण एक मिनिट. चढतात म्हणून धडधाकट, की धडधाकट म्हणून चढतात? गुडघे कुरकुरणारे तर रोपवेच्या रांगेत!

हा पेच म्हणजे सिलेक्शन बायस. औषध न देता नुसतं निरीक्षण करणाऱ्या ऑब्झर्वेशनल स्टडीचा जुना वैरी.

लंडनच्या बसमध्येही तो चढला होता, माहीत आहे का? १९५३मध्ये संशोधक जेरी मॉरिस यांनी दाखवलं, की बैठ्या ड्रायव्हरांपेक्षा डबलडेकरचे जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी. मग १९५६मध्ये त्यांनीच गणवेशाच्या नोंदी उघडल्या. ड्रायव्हरांच्या पँटी कंबरेत जास्त मोठ्या! म्हणजे फरक जिन्यांमुळे, की दोन्ही गट मुळातच वेगळे? स्वतःच्याच निष्कर्षाचं माप काढणारा संशोधक मला जाम आवडतो.

मग स्टडीसाठी माणसं निवडायची कुठून? मतदारयादी फक्त मतदानापुरती? छे! १९९१ ते १९९४मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चचे प्रकाश गुप्ता यांच्या टीमने याच यादीवरून मुंबईत घरोघर जाऊन पस्तिशीपुढच्या जवळपास एक लाख लोकांना तंबाखूबद्दल विचारलं. तेही हातात मावणारे कॉम्प्युटर घेऊन, स्मार्टफोनच्या कितीतरी आधी! काही वर्षांनी पुन्हा तीच दारं ठोठावली: कोण हयात, कोण गेलं? वय-शिक्षणाचा हिशेब लावूनही पुरुषांत बिडी सिगारेटपेक्षा जास्त घातक निघाली. ‘बिडीने काय होतंय’ म्हणणाऱ्या काकांना हे आजच ऐकवा.

आणि या यादीतून गळालं कोण? उच्चभ्रू वस्त्या! तिथे सिक्युरिटी ओलांडून आत जाणंच कठीण, म्हणून ते भाग आधीच वगळले. संशोधकांनी हे लपवलं नाही, सरळ छापलं. माझ्या लेखी क्वालिटी म्हणतात ती हीच.

हॉटेलला पाच स्टार, मग स्टडीला किती? नऊ! ऑब्झर्वेशनल स्टडीचा दर्जा जोखणाऱ्या न्यूकॅसल-ओटावा स्केलवर माणसं कशी निवडली याला चार, गटांची तुलना रास्त आहे का याला दोन, निकाल कसा नोंदवला याला तीन.

स्टार मोजले, तरी योगायोगाचा सापळा उरतोच. म्हणून आता राशिभविष्य! २००६मध्ये कॅनडातल्या ऑन्टॅरिओच्या संशोधकांनी कोटभर लोकांच्या नोंदी मुद्दाम राशींशी ताडून पाहिल्या. सिंहवाल्यांना पोटातला रक्तस्राव जास्त, धनूवाल्यांचं दंडाचं हाड मोडणं जास्त! भरमसाट तुलना केल्या की योगायोगही ‘शोध’ वाटतो, हे त्यांना दाखवायचं होतं. नोंदींचा निम्मा भाग त्यांनी पडताळणीसाठी बाजूला ठेवला होता. त्यातही हे दोन्ही ‘योग’ टिकले! पण किती तुलना केल्या याचा हिशेब लावला, तर दोन्ही गायब!